राहिलेली बाही

लोकांच्या घरी जायचं आणि कुठली वस्तू किती वीज खाते ते मोजून सांगायचं, हा तिचा धंदा. बाहेर तिला सगळे मीटरवाली म्हणत. घरात मात्र तिचं नाव अर्धवट. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं त्या दिवशी मोठ्या काकांनी हे नाव ठेवलं आणि तिच्या बाबांनी मान डोलावली. बाबांना तेवढंच येतं. टेबलफॅनची मान तरी खटका दाबला की एका जागी थांबते.

कॉलेज सोडल्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तिथं दोन वर्षं वीज फळ्यावरच शिकवली. मीटर होते, पण कपाटात. कपाटाला कुलूप, किल्ली सरांकडे आणि सर चहाला. एक दिवस तिनं कपाटाची काच फोडून मीटर बाहेर काढला. त्यावर मोठमोठ्या माणसांची बैठक बसली. माफी माग, म्हणाले. ती म्हणाली, आधी तुम्ही मागा. झालं, शिक्षण संपलं. आता ती एका दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर राहायची, चुरगळलेला शर्ट घालून दारोदार फिरायची आणि लोकांच्या फ्रिजची लफडी बाहेर काढायची. मजेत होती.

"आईवर गेलीय," काका म्हणायचे. "तीही कामं अर्धवट टाकायची."

आई गेली तेव्हा ती फार लहान होती. त्यामुळे हे खरं की खोटं, तिला ठाऊक नव्हतं. नुसतं डोकं तापायचं.

त्या दिवशी काकांचाच फोन आला. जेवणं उरकली की ये आणि यंत्रं घेऊन ये.

आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. भर दुपारी दिवे लावावेत असा उजेड. काका-बाबा राहायचे ते घर अरुंद, दुमजली, दोन घरांच्या मध्ये अंग चोरून उभं. दारातून आत शिरलं की जिना, जिन्याखाली मीटर, पुढे स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे काकांची खोली. काका आयुष्यभर बसडेपोत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी समोरचा माणूस म्हणजे उलटी येणारी बस आहे, अशाच आवाजात बोलायचे. काकू तीन वर्षांपूर्वी मुलीकडे म्हणून गेल्या त्या परत यायचं नाव काढत नव्हत्या. शहाणी बाई.

"आली का अर्धवट? बस. ऐक नीट. तुझ्या आत्याचं डोकं गेलंय. हीटर चालू ठेवते आणि विसरते. मीटर रात्रंदिवस पळतोय. परवा तर माझ्या खोलीत जळका वास! एक दिवस आम्हा सगळ्यांना भाजून काढेल ती. संध्याकाळी वृद्धाश्रमाची गाडी येतेय."

बाबांनी मान डोलावली.

आत्या म्हणजे या दोघांची थोरली बहीण. दोघांना लहानाचं मोठं करता करता स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता वरच्या खोलीत एकटी असायची.

"गाडी ठरलीय, तर मला कशाला बोलावलं?"

"उद्या नातेवाइकांनी तोंडं उघडली तर दाखवायला आकडा पाहिजे. मोज, सांग, विषय संपला."

"आणि दोष आत्याचा नसला तर?"

काका हसले. "नसला तर राहील म्हातारी इथंच. मरेपर्यंत. माझा शब्द."

"मोठ्यानं द्या शब्द. वर ऐकू जाऊ दे तिला."

मोठ्यानं बोलायला सांगितलं की काकांना स्फुरण चढतं. त्यांनी शब्द दिला तो असा की फळीवरचे पेले किणकिणले.

ती कामाला लागली. तिच्याकडे एक छोटा मीटर होता. तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि त्याच्यात वस्तूचा प्लग लावायचा, की ती वस्तू त्या क्षणी किती ओढतेय ते पडद्यावर दिसतं. तिनं फ्रिजपासून सुरुवात केली. दाराचं रबर सुटलेलं. गार हवा सगळी बाहेर, आणि कॉम्प्रेसर बिचारा दम लागलेल्या माणसासारखा धापा टाकतोय.

"हा अख्ख्या स्वयंपाकघराला गार करायला बघतोय."

"जुना आहे, पण दणकट आहे," काका म्हणाले.

"हो, तुमच्यासारखाच. काम कमी, आवाज जास्त."

बाबा खोकले. बहुधा हसू दाबलं असावं, पण त्यांच्या बाबतीत सांगता येत नाही.

गीझरचं बटण सकाळपासून चालूच होतं. तेही काकांच्या बाथरूमचं. मग टीव्हीचा डबा.

"तो बंद आहे," काका गरजले.

"लाल दिवा दिसतोय ना? झोपलाय, पण तोंड उघडं ठेवून. झोपेतही खातोय."

काकांच्या खोलीत अंग रगडणारी खुर्ची निघाली, भिंतीला कायमची जोडलेली. एकेका वस्तूचा आकडा ती मोठ्यानं वाचत गेली तसे काका तांबडे होत गेले. शेवटी म्हणाले, "माझ्या मागे काय लागलीयस? वर जा ना!"

ती वर गेली. आत्या खाटेवर बसलेली, पायाशी पिशवी भरून ठेवलेली. खोलीत एक दिवा, एक पंखा, एक हातभर रेडिओ. कोपऱ्यात तो बदनाम हीटर. तिनं त्याची वायर उलगडली. टोकाला प्लगच नव्हता.

"प्लग तुझ्या काकानं नेला मागे, मिक्सरला लावायला," आत्या म्हणाली.

"मग तू हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असेल... किंवा नसेल. मी विसरते गं हल्ली, ते खरंय. काल चष्मा डोक्यावर आणि मी खाटेखाली शोधतेय."

"ते मीही करते."

"तू करतेस ते वेगळं. तुला कोणी न्यायला येत नाही." आत्यानं पिशवीचा बंद घट्ट केला. "एवढं सगळे म्हणतात तर मीच काहीतरी चालू ठेवत असेन. मला आता माझीच खात्री वाटत नाही बघ."

गाडीपेक्षा या वाक्याचा तिला जास्त राग आला. म्हातारीला घराबाहेर काढायच्या आधी तिला तिच्याच डोक्यातून बाहेर काढली होती या लोकांनी. आणि ही माणसं वडीलधारी! यांच्या पाया पडायचं!

"गाडी रिकामी जाईल," ती म्हणाली. "तू पिशवी उपस."

खाली येऊन तिनं मीटरसमोरच्या पायरीवर बैठक मारली. मीटरवर एक लाल ठिपका असतो. घरात वीज वापरली जाते तसा तो लुकलुकतो. वापर जास्त तर घाई, वापर कमी तर सुस्ती. सगळं बंद केलं की ठिपका शांत. यापेक्षा सरळ हिशेब जगात नाही.

"आता सगळ्या लाइन एकेक करून पाडते. आत्याची सगळ्यात आधी. पाडल्यावर ठिपका मंदावला तर ती दोषी. कबूल?"

"कबूल, कबूल."

तिनं आत्याच्या लाइनचा खटका पाडला. ठिपका लुकलुकतच होता, तसाच, धडाधड. स्वयंपाकघराचा पाडला. दिवाणखान्याचा पाडला. काकांच्या खोलीचा, बाथरूमचा पाडला. शेवटी मुख्य खटका खाली ओढला.

फ्रिज एक आचका देऊन थांबला आणि घर एकदम गप्प झालं. आपल्या घराला आवाज असतो हे तो थांबल्यावरच कळतं. कुठूनही कसली घरघर नाही. जिन्याखाली अंधार आणि त्या अंधारात तो लाल ठिपका.

लुकलुकत होता.

"थांबला नाही," ती म्हणाली.

"म्हणजे वर ती..."

"वर काही नाही, काका. अख्ख्या घरात काही नाही. सगळं बंद आहे."

ठिपका जोरजोरात पळाला, मग विझला. ती वाट बघत राहिली. मग तो पुन्हा पळायला लागला, थोडाच वेळ, आणि विझला. पुन्हा लगेच. मग बराच वेळ काही नाही.

तिच्या मानेवर काटा उभा राहिला, कारण ही चाल तिला ओळखीची होती. शंभर घरं मोजणाऱ्याला वस्तू न बघता ओळखता येते. पायरवावरून माणूस कळतो तशी. ही इस्त्री होती. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, निवली की आपोआप चालू. नुसती उभी करून ठेवलेली इस्त्री घड्याळासारखी एका तालात पेटते आणि विझते. पण तीच ओल्या कापडावर फिरली की लवकर निवते, लवकर पेटते. हात थांबला, कापड उलटलं, घडी घातली की उशीर लागतो. वापरातली इस्त्री कधीच तालात चालत नाही.

ही तालात चालत नव्हती.

"बाबा... घरात इस्त्री आहे?"

बाबांनी सवयीनं काकांकडे बघितलं.

"या घरात इस्त्री नाही," काका म्हणाले. आवाज पहिल्यांदाच माणसाच्या मापाचा होता. "तुझी आई गेली त्याच आठवड्यात मी भंगारात दिली. स्वतःच्या हातानं."

तिनं पिशवीतून चिमटा काढला. हा चिमट्यासारखा मीटर वायरीभोवती नुसता मिटायचा. आतून प्रवाह जात असेल तर आकडा दाखवतो. टॉर्चच्या उजेडात मीटरच्या मागून निघालेली आणखी एक जुनी वायर सापडली, कापडी वेष्टणाची. खटक्यांच्या पेटीला वळसा घालून ती सरळ भिंतीच्या लाकडी पट्टीखाली शिरली होती. तिनं चिमटा मिटला. शून्य.

"बघ!" काकांचा आवाज परत आला. "शून्य! तुझं यंत्रच अर्धवट! निघा आता, ताईला खाली आणा..."

ठिपका तर पळतच होता. आणि मग तिच्या लक्षात आलं. घाईत तिनं नवशिक्यासारखी चूक केली होती. चिमटा दोन्ही तारांवर एकदम मिटला होता. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात आणि मीटरला वाटतं, काहीच नाही. तिनं वेष्टण फाडलं, एक तार सुटी केली, चिमटा तिच्याभोवती मिटला.

साडेचार अँपिअर.

मग शून्य. मग पुन्हा साडेचार.

"मला पळवून लावायची घाई झालीय, काका? थांबा की. इथंच तर मजा सुरू होतेय."

पट्टीवर टॉर्च धरून ती पुढे निघाली. मागे बाबा, त्यांच्या मागे काका. पट्टी स्वयंपाकघर ओलांडून गेली आणि काकांच्या खोलीत शिरून ट्रॉफ्यांच्या कपाटामागे नाहीशी झाली. ती काकांची पेटंट जागा. कपाट भरून पितळी कप आणि वर भिंतीवर सत्काराचा मोठा फोटो. फोटोत तरुण काका, पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, छाती पुढे.

"कपाट हलवायचंय."

"कपाटाला हात लावायचा नाही!"

तिनं कपाटाला खांदा लावला. ते हलेना. मग शेजारी दुसरा खांदा आला. बाबांचा. त्यांनी काकांकडे बघितलं नाही. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. आतले कप एकमेकांवर आपटले, दोनचार खाली गडगडले.

मागे भिंतीत एक तपकिरी जुनाट सॉकेट होतं. त्यात काहीही खोचलेलं नव्हतं. त्याच्या भोकांवर कोळ्याचं जाळं होतं, धुळीनं जाड झालेलं, कुठेही न फाटलेलं. कित्येक वर्षांत तिथं कोणी प्लग लावला नव्हता.

तिनं सॉकेटाजवळ जाणारी तार उघडी करून चिमटा मिटला. साडेचार. शून्य. साडेचार.

आणि वास आला. जळका नव्हे. ओल्या सुती कापडावरून तापलेलं लोखंड फिरतं तेव्हा येतो तो, कोमट, स्वच्छ. तो वास तिला कुठून माहीत होता कोण जाणे.

"ही तुझ्या आईची इस्त्रीची खोली," दारातून आवाज आला. आत्या खाली आली होती, हातात पिशवी तशीच. "इथं उभं राहून आम्ही दोघी सगळ्या गल्लीचे कपडे करायचो. त्यावर हे घर चाललं. ही लाइन तेव्हाचीच. याच्या डेपोनं याला शिट्टी दिली होती, पोळी आम्ही दिली."

"ताई, तू गप्प बस, तुला आठवत नाही काही..."

"हे आठवतं." आत्या फोटोकडे बघत होती. "त्या दिवशी ती तापानं फणफणली होती. याचा सत्कार. म्हणाला, शर्ट कडक पाहिजे. मी म्हटलं, मी करते. तर म्हणे, तुझ्या हाताला ती धार नाही, तिलाच उठव. उठली बिचारी. कॉलर केली, पाठ केली, डावी बाही केली. उजवी टेबलावर पसरली आणि... तिथंच खाली बसली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं, ती परत आलीच नाही. हा सत्काराला गेला. तोच शर्ट घालून."

टॉर्च फोटोवर गेला. डावी बाही सुरीच्या पात्यासारखी सरळ होती. उजवी चुरगळलेली. एवढी वर्षं हा फोटो भिंतीवर होता, सगळ्यांनी हजारदा पाहिला होता, आणि कोणालाच ते दिसलं नव्हतं.

"आणि तुम्ही तिला अर्धवट म्हणता," ती म्हणाली. आवाज चढला नाही. चढवायची गरज उरली नव्हती. "मला म्हणा. खुशाल म्हणा. पण तिला पुन्हा म्हणालात ना, तर हा फोटो घेऊन मी डेपोच्या फाटकावर लावीन आणि खाली सगळं लिहीन."

"भुताखेतांच्या गोष्टी सांगून मला घाबरवतेस?" काका पुढे आले. अंगात आश्रमाच्या लोकांसाठी घातलेला पांढरा शर्ट, दोरीवरून ओढून काढलेला, सुरकुत्यांनी भरलेला. "वायर खराब झालीय, बस. हे बघ, काही नाही इथं. काही नाही!" आणि त्यांनी उजवा हात लांब करून तळवा सॉकेटाशेजारी भिंतीवर दाबला.

तिच्या हातातल्या चिमट्यावर आकडा साडेचारवर चढला आणि तिथंच थांबला.

"काही..." काका म्हणाले.

त्यांच्या उजव्या खांद्यावरून बारीक वाफ निघाली. खांद्यापाशी शर्टाची एक सुरकुती हलली आणि सपाट झाली. मग तिच्या खालची. मग आणखी खालची. काहीतरी सावकाश, वजन देऊन, खांद्याकडून मनगटाकडे येत होतं. मध्येच थांबलं, जरा मागे गेलं, एक चुकार चुणी होती ती काढली, आणि परत खाली निघालं. त्याच्यामागे कडक, सरळ, पांढरीशुभ्र बाही उमटत होती. काकांचं तोंड उघडं होतं. आयुष्यभर डेपोभर घुमलेला आवाज, पण बाहेर नुसती हवा येत होती.

"दादा," बाबा कुजबुजले. "दादा... उजवी बाही."

कफापर्यंत आल्यावर ते थांबलं. आकडा शून्यावर आला.

मग काकांना आवाज सापडला. ते असे किंचाळले की शेजारच्या घराची खिडकी उघडली. बटणं तटातट तुटली, शर्ट त्यांनी अंगावरून ओरबाडून फेकला आणि ते दिवाणखान्यात पळाले, बनियनवर, कपांना अडखळत. हात ठणठणीत होता. भाजलं नव्हतं, लालसुद्धा झाला नव्हता. कामात कुठं खोट नव्हती.

नेमकी तेव्हाच गाडी आली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला आणि दारातून डोकं आत घातलं. समोर बनियनवर थरथरणारा एक म्हातारा.

"न्यायचंय ते हेच का?"

तिला असं हसू फुटलं की तिनं भिंत धरली. आत्याही हसली, पदर तोंडाला लावून, खांदे गदगदा हलवत. आणि मग बाबा पुढे झाले. कोणाकडेही न बघता, मान ताठ ठेवून, ते म्हणाले, "आमच्याकडून कोणी येणार नाही. माझी बहीण इथंच राहते."

"मला ने!" काका म्हणाले. "मुलीकडे सोड मला. बसस्टँडवर सोड. कुठंही सोड, पण आत्ता!"

खांद्यावर टॉवेल टाकून काका त्याच गाडीत बसले. गाडी कोपऱ्यावर वळताना ड्रायव्हर त्यांना मोठ्यानं समजावत होता, घाबरू नका आजोबा, तिथं सगळे तुमच्याच वयाचे आहेत. गल्लीतल्या तीन खिडक्यांनी ते ऐकलं. म्हणजे गल्लीला कळलं.

मग तिनं काम पुरं केलं. ती जुनी लाइन मीटरपासून तोडली, भिंतीतून खेचून काढली आणि वेटोळं करून पिशवीत टाकली. सॉकेट पेचकसानं उखडून काढलं. मुख्य खटका वर केला, फ्रिज पुन्हा धापा टाकायला लागला, घराला त्याचा आवाज परत मिळाला. काकांची रगडायची खुर्ची मात्र तिनं मुद्दाम बंदच ठेवली. बाबा खाली कप गोळा करत होते. एका जुन्या कपात त्यांनी चमचे ठेवले, आणि त्यात ते शोभलेही.

वर आत्यानं पिशवी उपसली होती. साड्या फळीवर, चष्मा डोळ्यांवर. खाटेवर दोघी पाय सोडून बसल्या. बाहेर आभाळ तसंच गच्च होतं, तरी खोलीत बरं वाटत होतं. तिला इतकं मोकळं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जिंकलं की असं वाटतं तर!

"मी विसरत नव्हते," आत्या म्हणाली.

"नव्हतीस."

"हीटर नव्हता."

"नव्हता गं. खाली मांडून दाखवलं ना सगळ्यांना."

आत्या समाधानानं मान हलवत राहिली. मग तिची मान थांबली. ती पुतणीच्या गळ्याकडे बघत होती.

"तू शर्टाला इस्त्री कधीपासून करायला लागलीस?"

"मी? छे. कुठली इस्त्री..."

बोलता बोलता तिनं कॉलरला हात लावला. कॉलर कडक होती. आणि कोमट. तिनं मान वळवून डाव्या खांद्याकडे बघितलं. सकाळी गाठोड्यातून ओढून घातलेला तो शर्ट, पण डावी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत सुरीसारखी सरळ उतरली होती.

तिनं पायाशी ठेवलेल्या आपल्या यंत्रांच्या पिशवीकडे पाहिलं. चिमटा त्या कापलेल्या वायरीच्या वेटोळ्यात अडकून मिटला गेला होता. वायरीची दोन्ही टोकं मोकळी, हवेत. पडद्यावर आकडा होता. साडेचार. मग शून्य. मग साडेचार.

"आत्या..."

"हलू नकोस," आत्या अगदी हळू म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती पुतणीच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "उजवी राहिलीय. मध्येच हललं की चिडायची ती."

खोलीत तो वास पसरला. पळावं असं तिच्या पायांना फार वाटलं. ती पळाली नाही. कोणापुढे मान न तुकवणाऱ्या त्या पोरीनं श्वास रोखला, चुरगळलेल्या बाहीचा उजवा हात उचलला आणि सरळ पुढे धरला.

आधी पाणी शिंपडलं गेलं. चार गार थेंब, मनगटावर.